प्लास्टरमधला हात

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पाळणाघरातून फोन आला. त्या वेळी फोटोग्राफर एका माणसाला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगत होता. परवान्याचा फोटो होता. हसायचं नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत. फोन दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने घेतला.

"फुगीचे बाबा ना? घाबरू नका हं," पाळणाघरवाल्या मावशी म्हणाल्या आणि घाबरण्यासारखं होतं ते सांगितलं. तिथल्या एका मुलाला गोवर निघाला होता. पुरळ आज सकाळी दिसलं. ते मूल महिनाभर बाहेरगावी होतं. परत आल्यावर फक्त मंगळवारी, नऊ ते एक, पाळणाघरात होतं. अंग तापलं म्हणून मावशींनीच त्याला घरी पाठवलं होतं. फुगी त्याच सतरंजीवर खेळत होती.

"फुगीला गोवराची लस झालीये ना?"

"नाही."

"नाही?" मावशी म्हणाल्या. "मग आजच केंद्रात न्या. नर्सबाई म्हणाल्या, संपर्कापासून बहात्तर तासांच्या आत दिली तर उपयोग होऊ शकतो. नंतर दिली तर सांगता येत नाही."

बहात्तर तास म्हणजे शुक्रवारी सकाळी नऊ. लसीकरण केंद्र आज चारला बंद होणार होतं आणि उद्या नऊला उघडणार होतं. हा हिशेब त्याने फोन कानाला असतानाच केला.

"मी असाच बसू का अजून?" खुर्चीतला माणूस म्हणाला. त्याची हनुवटी खालीच होती.

फुगी एकोणीस महिन्यांची. नाव गालांमुळे पडलेलं. तिच्या लसीची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि ती चुकून टळली नव्हती. तिच्या आईने केंद्रात जाऊन नकारपत्रावर सही केली होती. केंद्राचा नियम असा की नकार ज्याने लिहून दिला त्यानेच येऊन मागे घ्यायचा. त्यामुळे बापाने मुलीला उचलून नेलं असतं तरी नर्सने परत पाठवलं असतं. आईची सही लागणार होती.

सही का झाली, त्याचं कारण घरात होतं. फुगीचा मोठा भाऊ, सहा वर्षांचा. त्याला सगळे साहेब म्हणत, कारण वर्षाचा असताना तो पोट पुढे काढून, सगळ्यांकडे हजेरी घेतल्यासारखा बघत बसायचा. "साहेब जेवले का?" "साहेब आज रजेवर आहेत." तेव्हा ती गंमत होती. सोळा महिन्यांचा असताना, चौदा मार्चला, त्याला गोवराची लस दिली गेली. त्या वसंतात तो हाकेला वळेनासा झाला. जे पाचसहा शब्द होते ते गेले. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑटिझम असं कागदावर लिहिलं. आता तो लेन्सची झाकणं ओळीने मांडतो, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि ओळ कोणी हलवली तर डोकं भिंतीवर आपटतो.

डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की हे ज्या वयात दिसायला लागतं त्याच वयात ही लस असते, म्हणून आईबापांना दोन्ही जोडल्यासारखं वाटतं. बऱ्याच देशांत लाखो मुलांची माहिती तपासून झाली आहे आणि संबंध सापडलेला नाही. साहेबांच्या आईने शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्यांनी लाखो बघितले असतील. माझ्याकडे एक आहे, आणि त्याचा व्हिडिओ आहे."

व्हिडिओ दोन होते. पहिल्यात साहेब हाक ऐकून वळतात आणि तोंडभर हसतात. दुसऱ्यात आई चार वेळा हाक मारते, चमचा वाजवते, आणि ते वळत नाहीत. पंख्याकडे बघत राहतात. पहिला वीस डिसेंबरच्या फोल्डरमध्ये होता, दुसरा बावीस मार्चच्या. म्हणजे लसीनंतर आठ दिवसांनी. फोटोग्राफरने दोन्ही शेजारी शेजारी जोडले, वर 'आधी' आणि 'नंतर' असं लिहिलं आणि मोबाइलच्या पडद्यावर नीट बसावेत म्हणून दोन्ही बाजूंनी कापले. त्याच्या बायकोने तो व्हिडिओ पालकांच्या एका गटावर टाकला. तिथून तो पुढे गेला. तिने स्वतः तो किती वेळा पाहिला, याची मोजदाद नाही.

फोन येण्याच्या अकरा दिवस आधी, एका रविवारी, गटातल्या कोणीतरी तो व्हिडिओ मोठ्या आकारात मागितला. फोटोग्राफरने स्टुडिओत बसून मूळ चित्रण काढलं, न कापलेलं. मागून रिटचिंग करणारे काका चहाचा कप घेऊन येत होते. काका सत्तरीचे, चाळीस वर्षं लोकांच्या गालावरचे डाग पुसत आले आहेत आणि पडद्यावर काय नको आहे ते त्यांना आधी दिसतं.

"सूनबाईंचा हात मोडला होता तेव्हाचं का हे?" काका म्हणाले.

डाव्या खालच्या कोपऱ्यात चमचा वाजवणारा हात होता. अंगठ्यापासून कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर.

ती एका हॉटेलच्या धुलाई विभागात पर्यवेक्षक होती. अठ्ठावीस जानेवारीला ओल्या फरशीवर घसरून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, अकरा मार्चला. रुग्णालयाचा कागद घरात होता, त्यावर तारीख होती. लस चौदा मार्चला. म्हणजे साहेब हाकेला वळत नव्हते ते लसीच्या आधीपासून. किमान तीन दिवस, कदाचित महिना.

चूक कशी झाली हे शोधायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. स्टुडिओची जुनी पद्धत अशी होती की फोल्डरला नाव द्यायचं ते कॅमेऱ्यातलं कार्ड ज्या दिवशी संगणकावर उतरवलं त्या तारखेचं. गिऱ्हाइकांची कार्डं रोज उतरवली जात, म्हणून तारीख बरोबर येई. घरच्या कॅमेऱ्याचं कार्ड कधी दोन महिन्यांनी उतरे. त्या कॅमेऱ्याचं स्वतःचं घड्याळ बॅटरी गेल्यापासून बंद होतं. बावीस मार्च ही चित्रणाची तारीख नव्हतीच; कार्ड उतरवल्याची होती. आणि हात त्याने कापला होता कारण तान्ह्या मुलांच्या फोटोत आईचा हात चौकटीत येऊ द्यायचा नाही, हे त्याला शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्याने विचार करून काही केलं नव्हतं.

"सांग तिला," काका त्या दिवशी म्हणाले होते.

तो घरी गेला आणि सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आज फोन ठेवल्यावर त्याने काकांकडे बघितलं.

"अजून सांगितलं नाहीस?"

"नाही."

"अकरा दिवस! अरे राजा, आमच्या काळी फोटो धुऊन वाळायलासुद्धा एवढा वेळ लागत नव्हता. जा. याचे कान मी बघतो."

हॉटेलच्या मागच्या दाराने तो आत गेला तेव्हा सव्वाबारा झाले होते. धुलाई विभागात वाफ होती आणि मोठ्या रुळांच्या इस्त्रीचा आवाज. ती कपड्यांच्या खोलीत चादरींच्या थप्प्या मोजत होती. दहाची एक थप्पी, घडीची बाजू पुढे. त्याला बघून तिने बोट थप्पीवर ठेवलं, आकडा हरवू नये म्हणून.

"साहेबांना काय झालं?"

"साहेब ठीक आहेत. फुगीचं आहे."

त्याने गोवराचं सांगितलं. कोणत्या मुलाला, तेही सांगितलं. बहात्तर तास, चार वाजता बंद, तिची सही.

"त्याच्या आईला मी व्हिडिओ पाठवला होता," ती म्हणाली. "पाळणाघराच्या फाटकाशी. तिने विचारलं म्हणून." मग ती पुढच्या थप्पीकडे वळली. "सही नाही करणार मी. गोवर सगळ्यांना निघायचा पूर्वी. एक गेलं माझं, दुसरं नाही देणार."

"अगं, थांब. एक बघ."

त्याने मोबाइल पुढे केला. मूळ चित्रण, न कापलेलं. आवाज बंद होता. तिने बघितलं, नेहमीसारखं, मुलाच्या तोंडाकडे. ते संपलं.

"हे मला काय दाखवतोस? पाठ आहे मला."

"कोपऱ्यात बघ."

तिने परत लावलं. या वेळी मध्येच थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं. इस्त्रीचे रूळ फिरत होते. दाराशी कोणीतरी रिकामी गाडी आणून सोडली.

"हे माझं प्लास्टर."

"हो."

"कधी काढलं होतं?"

"अकरा मार्च. लस चौदाला. फोल्डरवरची तारीख कार्ड उतरवल्याची आहे. माझी चूक."

तिने मोबाइल परत दिला. "तुला कधी कळलं?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस माझ्याशेजारी बसून जेवलास."

तो इतके दिवस का गप्प राहिला हे तिला माहीत होतं, आणि त्यालाही. साहेबांचं निदान झालं त्या आठवड्यात त्याच्या आईने, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, तिला स्वयंपाकघरात ऐकवलं होतं: "आठव्या महिन्यापर्यंत वाफेत उभी राहिलीस. पोराचं डोकं शिजलं." पुढे वर्षभर ती नीट झोपली नाही, वजन अकरा किलोने उतरलं. मग कोणीतरी लसीचं सांगितलं, मग व्हिडिओ सापडला, आणि ती पुन्हा जेवायला लागली. सासूबाईही गप्प झाल्या. घरात कोणाचाच दोष उरला नव्हता. सगळा बाहेर होता, एका सुईत.

"मग कोणी केलं?" ती म्हणाली.

"कोणीच नाही. डॉक्टर म्हणाले होते ना, असतं ते जन्मापासून."

"कोणीच नाही म्हणजे फिरून माझ्यावर आलं."

"तसं नाही गं."

"तुझ्या आईला सांग तसं नाही म्हणून. फोनवर नको, समोर बसून सांग." तिने थप्पीवर हात ठेवला. "आणि हिलाही लसीनंतर काही झालं, तर? तेव्हा कोणाचा हात कापशील?"

"साहेबांना लसीने झालं नाही, हे तर दिसतंय ना आता?"

"दिसतंय," ती म्हणाली. "मला दिसतंय. मला उमजायला वेळ लागेल. जा तू."

"चार वाजता बंद होतं केंद्र."

"ऐकलं मी." मग ती थप्पीकडे बघत राहिली. "चुकलं मोजायचं," असं म्हणून तिने पहिल्या चादरीपासून सुरुवात केली.

तो पावणेतीनपासून केंद्राच्या फाटकाशी थांबला. फुगी त्याच्या खांद्यावर होती. तिने त्याच्या कॉलरचं एक टोक चोखून ओलं केलं. तो मधूनमधून तिच्या कानामागे बघत होता. तिथे काही नव्हतं, असायचंही नव्हतं. मंगळवारी लागण झाली असली तरी पुरळ यायला दोन आठवडे लागतात हे त्याला नर्सने दुपारीच सांगितलं होतं. चारला पाच मिनिटं कमी असताना नर्स बाहेर आली.

"येतायत का त्या?"

"कामावर आहे."

"मी दहा मिनिटं थांबते. पण मलाही घर आहे हो."

ती वीस मिनिटं थांबली. मग शटर खाली आलं.

घरी ती साडेसहाला आली. हातपाय धुतले, साहेबांना भरवलं. साहेबांना भाताचे आणि भाजीचे घास वेगळ्या ताटल्यांत लागतात, एकमेकांना न शिकवता, म्हणजे एकमेकांना न लावता. हा शब्द तिचाच, कामावरचा, दोन रंगांचे कपडे एकत्र धुतले की एकाचा रंग दुसऱ्याला 'शिकवतो' त्यावरून. जेवणं झाल्यावर तिने कपाटातून तीन कागद काढले: रुग्णालयाचा, साहेबांचं लसींचं कार्ड, फुगीचं लसींचं कार्ड. टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मोबाइल त्यांच्या वर ठेवला. नवऱ्याशी ती एकच वाक्य बोलली.

"माझा हात तिथे होता, आणि मीच कधी शोधला नाही."

साहेब टेबलापाशी आले. त्यांनी तिन्ही कागद मोठ्यापासून लहानापर्यंत लावले आणि निघून गेले. तिने ते तसेच राहू दिले.

शुक्रवारी सकाळी फोटोग्राफर उठला तेव्हा फुगी जागेवर नव्हती, तिची आईही नव्हती. साहेब झोपले होते. त्याने शेजारच्या आजींना बोलावून बसवलं आणि निघाला. आठ वाजून चाळीस मिनिटांनी त्या दोघी त्याला केंद्राच्या पायरीवर दिसल्या. शटर बंद होतं. ती कामाच्या कपड्यांत होती.

नर्स नऊला दोन मिनिटं कमी असताना आली. शीतपेटी उघडणं, तापमान लिहिणं, कागद शोधणं यात वेळ गेला. नकारपत्राच्या खाली एक रकाना होता: नकार मागे घेण्याचं कारण. फुगीची आई पेन धरून थांबली.

"काय लिहू?"

"काहीही लिहा हो. कोणी वाचत नाही," नर्स म्हणाली.

तिने लिहिलं: 'तारीख चुकली होती.' सही केली.

सुई नऊ वाजून बारा मिनिटांनी टोचली. फुगी जोरात रडली आणि नर्सच्या गळ्यातली किल्ली दिसताच थांबली.

"बारा मिनिटं जास्त झाली," फोटोग्राफर म्हणाला.

"विषाणू काही घड्याळ लावून येत नाही," नर्स म्हणाली. "कदाचित उपयोग होईल, कदाचित नाही. एकवीस दिवस हिचं पाळणाघर बंद. ताप आला तर आधी फोन करा, इथे घेऊन येऊ नका. आणि मोठ्याचा दुसरा डोस राहिलाय, कार्डावर दिसतंय."

"त्याचं नंतर," ती म्हणाली.

"नंतर म्हणजे?"

"नंतर."

शनिवारी दुपारी तिने पालकांच्या गटावर न कापलेलं चित्रण टाकलं. खाली तीन ओळी लिहिल्या: प्लास्टर कधी निघालं, लस कधी झाली, फोल्डरची तारीख कशी चुकली. एकशे चार जणांनी बघितलं. तिघांनी उत्तर दिलं. एकीने लिहिलं, 'कोणाचा दबाव आला का ताई?' दुसरीने लिहिलं, 'तुमच्या मुलाचं वेगळं असेल, आमच्यांचं तसं नाही.' तिसऱ्याने फक्त हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. संध्याकाळी तिला गटातून काढण्यात आलं. जुना, कापलेला व्हिडिओ तिथे अजून आहे. तो काढायला सांगायचा तर आता तिला गटात शिरता येत नाही.

ज्या मुलाला गोवर निघाला ते सोमवारी रुग्णालयात दाखल झालं. न्यूमोनिया झाला होता. चार दिवसांनी घरी आलं. त्याच्या आईने व्हिडिओ बघून लस टाळली होती की दुसऱ्या कारणाने, हे कळलेलं नाही. फुगीच्या आईने तिला दोनदा फोन केला. तिने घेतला नाही.

फोटोग्राफर आपल्या आईकडे गेला आणि समोर बसून बोलला. आई म्हणाली, "मी असं कधी म्हटलंच नव्हतं." त्याने घरी येऊन तेच सांगितलं. बायको म्हणाली, "बरं."

लस दिल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी फुगीला ताप आला. एकशे एक. लसीचा नववा दिवस, संपर्काचा बारावा. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकलं आणि सांगितलं की लसीमुळेही या दिवसांत ताप येतो, आणि गोवराचा तापही साधारण याच सुमारास सुरू होतो. नुसतं बघून सांगता येणार नाही. सोमवारी घशातला नमुना घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला गेला. लसीतला विषाणू की बाहेरचा, हे तिथे कळतं. किती दिवसांत, ते त्यांनी सांगितलं नाही.

फुगीची आई दर तीन तासांनी ताप मोजते आणि हॉटेलातल्या चादरींच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. फुगीचं कोणी काही विचारलं तर ती त्या वहीकडे बोट दाखवते. दोघांत बोलणं आहे ते भांडी, औषध, साहेबांची झाकणं यांबद्दल.

मंगळवारी सकाळी फुगीच्या डाव्या कानामागे एक लाल ठिपका दिसला. तिची आई म्हणाली, "फोटो काढ." तिने केस बाजूला धरले, त्याने फोटो काढला आणि त्याला त्या दिवसाची तारीख आणि वेळ घातली. संध्याकाळी परत काढला. दोन्ही फोटोंत डाव्या बाजूने तिची बोटं आली आहेत. त्याने ती कापलेली नाहीत.

संध्याकाळी साडेसहाचा ताप एकशे एक पूर्णांक दोन. ठिपके तीन. अहवाल अजून आलेला नाही.